बापांचा वॉल्ट्झ

दुसऱ्याच्या घरात काय शिजतंय ते कळल्याशिवाय नोला पास्कोला स्वतःच्या ताटातला घास गोड लागत नसे. हे काही तिच्या पाठीमागे बोललेलं नाही, ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. "मर्व्ह गेला, पोरं मेलबर्नला. माझ्या घरात बघण्यासारखं उरलंय काय? मग मी तुमच्या घरात बघते!" असं म्हणून मोकळी. अर्धं आयुष्य आमच्या विराबी गावच्या पोस्टाच्या खिडकीत काढलेली बाई. कुणाला कुठून पार्सल आलं, कुणाच्या पोराने कॉलेज सोडलं, कुणाचा गहू भिजला, सगळं तिला ठाऊक. एक मात्र कबूल करायला हवं, तिच्या चौकशीत विष नव्हतं. ऐकलेलं ती चघळायची, पण कुणाच्या अंगावर थुंकायची नाही.

आणि दर हिवाळ्यात ही बाई लष्करच्या भाकऱ्या भाजायला गावाच्या हॉलवर हजर. सोळा-सतरा वर्षांच्या पोरी पांढरे झगे नि कोपरापर्यंत हातमोजे घालून महापौरांपुढे गुडघा वाकवतात आणि मग सगळ्या गावासमोर नाचतात, तो आमचा डेब बॉल. शहरातले लोक हसतात, म्हणतात हे आजीच्या काळातलं खूळ अजून कशाला? म्हणेनात का. आमच्याकडे पेरणी उरकली की बॉल, बास. पोरींना नाच शिकवायचा तो नोलाने, आणि बॉलच्या दिवशी माइक हातात घ्यायचा तोही नोलानेच. पाय चुकला की ती साऱ्या हॉलला ऐकू जाईल असं ओरडायची, मग समोर बँकेच्या मॅनेजरची पोर असो की मेंढ्या कातरणाऱ्याची.

त्या वर्षीच्या पोरींत मार्नी होती, आणि मार्नी म्हटलं की गावाचे कान टवकारलेच.

सायलोच्या, म्हणजे गव्हाच्या उंच कोठाराच्या, पलीकडे तिचं घर. घरात मोठी माणसं तीन. आई टेस, हॉस्पिटलात नर्स. ब्राइस, गव्हाचा शेतकरी, टेसचा लग्नाचा नवरा. आणि ओवेन, कापणीची यंत्रं दुरुस्त करणारा, मार्नीच्या जन्माच्या आधीपासून त्याच घरात राहणारा. सुपरमार्केटात तिघं मिळून एकच गाडी ढकलत जायची. टेसचा हात कधी याच्या कोपरात, कधी त्याच्या. गावाला दिसत सगळं होतं, पण गावाने एक सोयीचा शब्द काढून ठेवला होता: भाडेकरू. "टेस, ब्राइस आणि त्यांचा भाडेकरू." आता मला सांगा, कुठला भाडेकरू मालकाच्या आईच्या शवपेटीला खांदा देतो? कुठला भाडेकरू पोरीच्या दातांच्या तारा घट्ट करायला महिन्याच्या महिन्याला शंभर मैल गाडी हाणतो? पण गाव सभ्य पडलं. सभ्य म्हणजे काय, तर तोंडाने विचारायचं नाही आणि मनाने सोडायचं नाही.

नोलाच्या मनात तर प्रश्नांचं मोहोळ. टीव्हीचा रिमोट कुणाकडे? कचऱ्याचा डबा रस्त्यावर कोण ठेवतं? दोघांचं वाजलं तर तिसऱ्याने कुणाची बाजू घ्यायची? आणि सगळ्यांवर वरताण, मार्नी नक्की कुणाची? कान बघावेत तर ब्राइसचे. चाल बघावी तर ओवेनची. पोस्टात ओळीत उभी असताना पोरीला पुढून एकदा नि मागून एकदा बघून नोला थकली, पण निकाल लागेना.

मार्नी नाचायची छान. एकच खोड. वॉल्ट्झच्या गिरक्या घेत हॉलच्या मधोमध आली की पठ्ठी उगीचच पाय उचलून एक बारीकशी उडी मारायची.

"अगं, उंबरठा आहे का तिथे?" नोला ओरडायची.

"सॉरी, मिसेस पास्को."

पुढच्या फेरीला पुन्हा उडी. एवढ्या वर्षांत नोलाने नाचाच्या शंभर चुका बघितल्या, पण असली चूक कुठे बघितली नव्हती. ही हिने आणली कुठून?

पोरींचा नाच झाला की शेवटी बापांचा वॉल्ट्झ असतो. प्रत्येकीचा बाप खुर्चीतून उठतो, नाचाच्या मैदानात येतो नि लेकीला जोडीदाराकडून मागून घेतो. बायकांचे रुमाल निघतात ते तेव्हा. त्या वर्षी तिकिटं आधीच संपली होती, आणि का संपली होती ते लहान पोरालाही कळत होतं. मार्नीसाठी कोण उठतो ते सगळ्यांना बघायचं होतं.

एका सरावाच्या संध्याकाळी, पुढच्या खेपेला कुणाकुणाचे बाप येणार याची नोला विचारपूस करत होती. मार्नीपाशी आली, आणि उचलली जीभ लावली टाळ्याला. "तुझ्याकडून कोण गं? म्हणजे... खरे बाबा कोणते?"

पियानो थांबला.

"खरे?" मार्नी म्हणाली. "खोटे कोणते ते तुम्ही सांगा, मिसेस पास्को. त्यांना घरी ठेवते."

तिने हातमोजे काढले, पियानोवर ठेवले नि निघून गेली. दुसऱ्या दिवशी निरोप आला की मार्नी बॉलला येणार नाही.

नोलाला रात्रभर झोप नाही. मेल्या जिभेला हाड नाही ते नाही, निदान लाज तरी असावी! सकाळी तिने लेमन स्लाइस भाजलं, लिंबाच्या गोड वड्या. आमच्याकडे चूक झाली की शब्दांच्या आधी डबा पोचवायचा असतो. डबा घेऊन ती सायलोच्या पलीकडे गेली.

घरात कुणी नव्हतं. यंत्रांच्या शेडमधून रेडिओचा आवाज येत होता. बाहेर हार्वेस्टर दवात भिजत उभं होतं. एवढं महागाचं यंत्र उघड्यावर का ठेवलंय हे विचारायचं तिच्या अगदी ओठांवर आलं, पण आज तिला विचारायची हिंमत नव्हती. तिने दार लोटलं तसा रेडिओ गपकन बंद झाला. ती आत दोन पावलं गेली असेल नसेल, पाय अडखळला नि डब्यासकट ती पडायलाच आली.

"जपून! नाली आहे!" ओवेनने तिचा दंड धरला. मोठा, लाजरा माणूस. यंत्रं धुतल्याचं पाणी जायला फरशीच्या मधून एक नाली आडवी गेली होती.

चौघंही तिथेच होती. मार्नीने पाठ फिरवली.

"या, मिसेस पास्को," टेस म्हणाली. "सोळा वर्षं वाट बघतेय, गावातून कुणीतरी येईल नि तोंडावर विचारेल म्हणून. बिस्किटं आणून ठेवते, ती आम्हीच खातो."

"मी विचारायला नाही आले, बाई. मी माफी मागायला आलेय." नोला मार्नीच्या पाठीशी बोलली. "पोरी, मी मूर्ख म्हातारी आहे. चारचौघांत तुला विचारलं, ते वाईट केलं. माझ्याच मनाला लागून राहिलंय ते."

मार्नी वळली. डबा तिने घेतला.

"आता आलाच आहात तर विचारा," टेस म्हणाली. "नाहीतर घरी जाऊन पोट दुखेल तुमचं."

नोलाने नको नको म्हणत विचारलंच. "कचऱ्याचा डबा कोण बाहेर ठेवतं गं?"

तिघंही हसली. "जो रात्री शेवटी हरतो तो," ब्राइस म्हणाला. "पत्त्यांत."

"आणि भांडण?"

"दोघांचं झालं तर तिसरा चहा करतो."

"तिघांचं झालं तर?"

"तर आपापला चहा."

"आणि ब्राइस, तुला... म्हणजे, राग नाही आला रे कधी?"

ब्राइसने टोपी काढून डोकं खाजवलं. "आला की. पहिल्या वर्षी मी मेंढ्यांशी जास्त बोलायचो. असं झालं बघा, मी सायलोच्या शिडीवरून पडलो नि पाठ मोडून घेतली. ओवेन तेव्हा यंत्र बघायला आला होता. माझी पेरणी त्यानेच केली, कापणी केली, मला उचलून न्हाणीत नेलं. टेसला तो आवडायला लागला, ते तिने मलाच आधी सांगितलं. चोरून काही नाही. ओवेन म्हणाला, मी जातो. सामान बांधलं त्याने. आणि खरं सांगू? त्याची गाडी फाटकापाशी गेली, तेव्हा हाक मी मारली. टेसने नाही."

"हे गावाला माहीत नाही," नोला पुटपुटली.

"गावाने विचारलं कुठे?"

टेस तिच्याकडे रोखून बघत होती. "एक प्रश्न उरलाय तुमचा. आम्हाला उत्तर माहीत आहे, मार्नीलाही माहीत आहे. तुम्हाला नाही सांगणार."

"नको सांगू," नोला म्हणाली, आणि एवढं मोठं खोटं ती जन्मात बोलली नव्हती.

मग खरं दुखणं बाहेर आलं. मार्नीने हट्ट धरला होता, येईन तर घरातली सगळी येतील नि ओवेनही मैदानात उतरेल. ओवेन म्हणत होता, मी घरीच थांबतो, मेंढ्या बघतो.

"लोक पोरीला बघायला येतात, मिसेस पास्को," तो हळू आवाजात म्हणाला. "मी उठलो तर सगळे मलाच बघत बसतील. तिचा दिवस मी कशाला खाऊ?"

"तुझ्याशिवाय कसला दिवस?" मार्नी कडाडली. "मला सायकल शिकवली ती कुणी? तेव्हा नाही लोक बघत होते?"

शेवटी तडजोड झाली. ओवेन येईल, सूट घालेल, पण भिंतीपाशी बसेल. वॉल्ट्झ ब्राइस करेल. मार्नी हो म्हणाली, पण तिचा चेहरा नोलाला बघवेना.

परतताना गाडी चालवत असता नोलाला तिचा नवरा, मर्व्ह आठवला. त्याच हॉलमध्ये, तरुणपणी, ती बँकेतल्या एका कारकुनाबरोबर नाचत होती आणि मागून येऊन मर्व्हने त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. तेव्हा माफ-करा वॉल्ट्झ असायचा. नाचणाऱ्याच्या खांद्यावर मागून हात ठेवून "माफ करा" म्हणायचं नि पुढच्याने मुकाट्याने जोडीदारीण सोडायची. त्यात कुणाचा अपमान नाही. नोलाने गाडी रस्त्याकडेला थांबवली नि एकटीच हसली.

बॉलच्या कमिटीत तिने विषय काढला. ग्लेनिस अध्यक्ष. बाई कडक, केस त्याहून कडक. मार्नीची भानगड नको म्हणून आईबापांची नावं माइकवर वाचायचीच नाहीत, असा ठराव तिने आधीच करून घेतला होता.

"बापांचा वॉल्ट्झ माफ-करा करायचा? अजिबात नाही," ग्लेनिस म्हणाली. "एका पोरीला एक बाप. तुला त्या भाडेकरूला नाचवायचंय, मला कळत नाही होय?"

"तुझ्या सोफीचं काय गं?" नोलाने विचारलं. सोफी ग्लेनिसची नात, ती पण त्याच वर्षीच्या पोरींत. तिचा बाप घटस्फोटानंतर पर्थला गेला, तो आता वॉल्ट्झपुरता विमानाने येणार होता. पोरीला वाढवलं ते सावत्र बाप रिकने. "रिक काय करणार?"

"रिक समजूतदार आहे. तो बसेल."

"सगळे समजूतदार भिंतीपाशीच बसलेले असतात, ग्लेनिस."

ग्लेनिसने पुढचा विषय घेतला.

बॉलच्या रात्री हॉलमध्ये हीटर लावून सुद्धा थंडी हटत नव्हती. पोरी आल्या, गुडघे वाकले, महापौरांनी हात हातात घेतले. मार्नी हिरव्या रिबिनीचा फुलांचा गुच्छ धरून अशी दिसत होती की नोला क्षणभर हातातला माइक विसरली. टेस नि ब्राइस पुढच्या टेबलाशी. ओवेन भिंतीला टेकून, चहाच्या खिडकीशेजारी, निळ्या सुटात, स्वतःच्या बुटांकडे बघत. आणि त्याच भिंतीला थोडं पुढे रिक, हातांची घडी घालून, फार समजूतदारपणे.

"आता बापांचा वॉल्ट्झ," नोला माइकवर म्हणाली. बाप उठले. ब्राइस उठला तसा हॉलभर एक उसासा गेला, जणू गावाचा निकाल लागला. काही बायकांनी माना हलवल्या, बघ, मी म्हटलं नव्हतं? नोलाच्या अंगाची आग झाली. बरं आहे तर! ती पुन्हा माइककडे वळली. "आणि हा माफ-करा वॉल्ट्झ आहे! म्हाताऱ्यांना नियम आठवत असेल. तरुणांना सांगते: जो या पोरींचा कुणी लागत असेल, त्याने येऊन खांद्यावर हात ठेवायचा. वाजवा!"

ग्लेनिस तिच्या खुर्चीत ताठ झाली. वाजवणाऱ्यांनी अकॉर्डियनवर सूर धरला.

कुणीही उठलं नाही. एक फेरी गेली. ब्राइस मुद्दाम मार्नीला भिंतीजवळून नेत होता, ओवेनच्या अगदी समोरून. ओवेनने मान वर केली नि पुन्हा खाली घातली. दुसरी फेरी गेली. टेस मागे वळून बघत होती. मार्नीच्या ओठांवर हसू होतं, पण हनुवटी थरथरत होती, आणि ते सगळ्या हॉलमध्ये फक्त नोलाला दिसत होतं. ऊठ रे बाबा, ती मनात म्हणाली. सूर संपत आलाय. ऊठ!

तेवढ्यात ग्लेनिस उठली. नोलाला वाटलं, आता ही माइक हिसकावणार. पण ग्लेनिसचे डोळे सोफीवर होते. सोफी पर्थच्या बापाबरोबर नाचत होती, हातभर अंतर ठेवून, अनोळखी पाहुण्याशी बोलावं तसं काहीतरी बोलत, आणि दर वळणावर तिची नजर भिंतीकडे जात होती. ग्लेनिस तरातरा हॉल ओलांडून गेली नि रिकच्या पुढ्यात उभी राहिली.

"ऊठ," ती म्हणाली.

"अहो, पण तिचे बाबा..."

"नेटबॉलच्या सरावाला रोज पहाटे कोण नेत होतं? ऊठ म्हणते ना!" आणि तिने त्याची बाही धरून ओढलं.

रिक मैदानात गेला. पर्थच्या माणसाच्या खांद्यावर त्याने हात ठेवला, "माफ करा" म्हणाला, आणि तो माणूस क्षणभर भांबावून बाजूला झाला. सोफीने रिकच्या गळ्यात हातच टाकले. मग कुणाचा आजोबा उठला. एकीचा मोठा भाऊ उठला. एका पोरीला मामाने वाढवलं होतं, तो उठला. बघता बघता त्या भिंतीपाशी खुर्च्याच उरल्या, आणि त्या रिकाम्या खुर्च्यांच्या रांगेत एकटा ओवेन.

एकटा बसला, म्हणून तो आता जास्तच दिसायला लागला. ते त्याच्याही लक्षात आलं असावं. तो उठला. कोट खाली ओढला. मैदानातून चालत गेला नि त्याने ब्राइसच्या खांद्यावर हात ठेवला.

"माफ कर," तो म्हणाला.

"किती उशीर, गाढवा," ब्राइस म्हणाला, नि मार्नीचा हात त्याच्या हातात देऊन टेसला घेऊन नाचायला लागला.

सगळ्या माना तिकडे वळल्या. नोलाने वाजवणाऱ्यांना खूण केली, थांबलात तर याद राखा. ओवेन नाचत होता, ओठ हलवत पावलं मोजत. वाईट नाचत नव्हता. कुठे शिकला हा? मग तो नि मार्नी हॉलच्या मधोमध आली, आणि दोघांनी एकदम पाय उचलून एक बारीकशी उडी मारली.

नोलाने मान वळवली. पलीकडून टेस नि ब्राइस मध्यावर येत होते. ब्राइसनेही उडी मारली.

नाली! अगं बाई, शेडमधली नाली ओलांडायची उडी! म्हणून हार्वेस्टर बाहेर दवात उभं होतं. म्हणून ती आत गेल्यावर रेडिओ गपकन बंद झाला होता. घरीच थांबतो म्हणणारा हा माणूस, भिंतीपाशी बसेन म्हणणारा, संध्याकाळमागून संध्याकाळ त्या फरशीवर वॉल्ट्झ घोटत होता, आपल्या वाट्याला येणार नाही अशा दिवसासाठी. आणि मार्नीची ती खोड ब्राइसची नाही नि ओवेनचीही नाही. या दोघांनी मिळून लावलेली होती. मिळालं की तुला उत्तर, नोलाबाई, बस आता गप्प.

पण गप्प बसेल ती नोला कसली. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही ती थांबली नाही. तिने माइक तोंडाशी धरला नि दरवर्षी चुकणाऱ्या प्रत्येक बापावर ओरडायची तशीच ओरडली.

"ओवेन! इथे नाली नाहीये! पाय खाली ठेव!"

हॉलला काही कळलं नाही. पण एका बापाला नोलाची बोलणी बसली एवढं कळलं, आणि सगळा हॉल खदखदून हसला. मार्नी तर हसता हसता ओवेनच्या खांद्यावर रडायलाच लागली.

"सवय झालीय, मिसेस पास्को!" ओवेन ओरडला, आणि पुढच्या फेरीला तिघांनीही पुन्हा उडी मारली.